घण मारून चूट मोकळी होते, बरी होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रांच्या सदरात काही दिवसांपूर्वी एका उद्योजक वाचकाचे पत्र छापून आले होते. कन्व्हेयरच्या चुटी सारख्या फाटतात आणि ओला माल आला की तुंबतात, अशी त्यांची तक्रार होती. फाटण्याचा दोष त्यांनी हल्लीच्या हलक्या पोलादाला दिला आणि तुंबण्याचा हल्लीच्या आळशी कामगारांना. उपायही सांगून टाकला: जास्त जाड प्लेट आणि जास्त कडक देखरेख. माझी सगळी नोकरी माल हाताळणी विभागात झाली, आधी फिटर म्हणून आणि पुढे फोरमन म्हणून. कोळसा, लोहखनिज, चुनखडी, क्लिंकर, खत असा सगळा सुटा माल हातांखालून गेला आहे. ते पत्र वाचून गप्प बसवेना. पत्र जरा लांबणार आहे. कात्री चालवण्याचा आपला अधिकार मला मान्य आहे, फक्त आकड्यांवर चालवू नये एवढी विनंती.

ज्यांनी असा कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सुटा माल एका पट्ट्यावरून येतो, पुलीवरून सुटतो आणि दुसऱ्या पट्ट्यावर पडतो. या दोन पट्ट्यांच्या मधली पोलादी पेटी म्हणजे चूट. तिच्यात मोटर नाही, गिअरबॉक्स नाही, फिरणारा एकही भाग नाही. त्यामुळे तिच्याकडे कुणी यंत्र म्हणून बघतच नाही, आणि माझ्या मते निम्मे दुखणे इथेच सुरू होते. प्रकल्पाच्या ड्रॉइंगवर आधी पट्टे येतात, मग पुली, मोटर, जिने, खांब. सगळ्यांची जागा ठरली की मधे उरलेल्या पोकळीत प्लेटांची पेटी बसवून टाकतात. उंची हवी तिथे तुळई आडवी येते, उतार हवा तिथे जिना. मग चूट वाकते, तिला गुडघा फुटतो, आणि त्या गुडघ्यावर आमचे लोक वर्षानुवर्षे घण घालत बसतात.

घणाचे म्हणाल तर नव्या ठिकाणी कामाला गेलो की ड्रॉइंग मागण्याआधी मी ट्रान्सफर टॉवर, म्हणजे माल एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर पडतो तो मनोरा, चढून चुटीची बाहेरची बाजू बघून घ्यायचो. चूट कुठे चोक होते, म्हणजे तुंबते, हे कुणाला विचारावे लागत नाही. माणसाच्या छातीच्या उंचीला, तपासणीच्या दाराच्या बाजूला, हातभर जागेतला रंग उडालेला असतो, आणि तिथे एकावर एक घणाचे वण दिसतात. काही वण इतके खोल की त्यात अंगठा बसेल. आता त्याच जागी आतून काय होते ते बघा. बाहेरचा प्रत्येक खळगा आत उंचवटा होऊन उभा राहतो. वरून घसरत आलेला ओला बारीक माल त्या उंचवट्याशी अडतो, त्याच्या मागे थर धरतो, आणि आठवड्यापूर्वी जो माल सरकून जात होता तो आता चिकटून बसतो. मग पुन्हा घण, पुन्हा नवा खळगा, आणि मागचे पाढे पंचावन्न. आत सिरॅमिक टाइल असतील तर त्या तडकून गळतात, मग झिजेचे दुखणेही त्याच घणाने ओढवून घेतलेले. पण घण मारणाऱ्याला आळशी म्हणणे हा अन्याय आहे. मुसळधार पावसात, मध्यरात्री, वरून बॉयलरवाल्यांचे फोन चालू असताना त्याच्या हातात तेवढे एकच हत्यार दिलेले असते.

उद्योजक महाशयांच्या पत्रातली मूळ गफलत अशी की, त्यांनी झीज आणि चोकअप ही दोन वेगळी दुखणी मानली. एकाला जाड प्लेट, दुसऱ्याला कडक सुपरवायझर. माझ्या बघण्यात दोन्हींची मुळे बहुतेक वेळा एकाच जागी सापडली आहेत: माल कुठे आदळतो, किती वेगाने आदळतो आणि कोणत्या कोनात आदळतो.

हिशोब शाळेतला आहे. माल सव्वा मीटर मोकळा पडला की त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर होतो. पाच मीटर पडला की सुमारे १०. उंची चौपट झाली, वेग दुप्पट. धडकेने होणारी झीज मात्र वेगाच्या साधारण वर्गाच्या ते घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की झीज चौपट ते आठपट. दहा मिलिमीटरची प्लेट काढून वीसची टाकली तर तिचे आयुष्य फार तर दुप्पट होईल. म्हणजे जी लढाई उंची कमी करून जिंकता येते ती जाडी वाढवून जिंकता येत नाही, आणि वाढीव वजन उचलताना शटडाउनमध्ये चेनब्लॉक लावणाऱ्यांचे हाल होतात ते वेगळेच.

आता तोच वेग चोकअपच्या बाजूने बघा. घनमीटरला एक टन भरणारा माल सेकंदाला १० मीटर वेगाने प्लेटवर समोरून आदळला, तर त्या जागी चौरस मीटरला सुमारे १० टनांचा दाब बसतो. ओला बारीक माल एवढ्या दाबाने ठोकला की तो प्लेटला लिंपला जातो. प्रवाह चालूच असतो, थरावर थर चढतो, आणि काही तासांत तिथे पहारीलाही दाद न देणारा पोपडा तयार होतो. हीच धडक समोरून न होता प्लेटशी ३० अंशांचा कोन करून झाली, तर दाब चौथाईवर येतो, म्हणजे अडीच टन. प्लेट तीच, माल तोच, उंची तीच. फक्त कोन बदलला.

एक खुलासा इथे करायला हवा, नाहीतर एखादा तरुण इंजिनिअर मला धरेल. पोलादासारखा चिवट धातू तिरक्या माऱ्याने खरवडला जातो, आणि साधारण १५ ते ३० अंशांच्या दरम्यान ते खरवडणे सर्वाधिक असते. सिरॅमिकचे उलटे. ते तिरक्या घसरणीत वर्षानुवर्षे टिकते आणि समोरच्या धडकेत तडकते. म्हणून ३० अंशांवर थांबू नये. पहिला स्पर्शच १५ अंशांच्या आत बसवता आला तर उत्तम, आणि त्यासाठी सपाट प्लेट सोडून वक्र प्लेटकडे यावे लागते.

क्रिकेटमध्ये जोरात आलेला झेल घेताना खेळाडू हात चेंडूबरोबर मागे नेतो. ताठ हाताने घ्यायला गेला तर झेलही सुटतो आणि बोटेही जातात. वक्र चूट नेमके हेच करते. वरच्या पुलीवरून सुटलेला माल आधी एका वक्र झाकणाखाली येतो, त्याला हूड म्हणतात. तो प्रवाहाला पसरू न देता एकत्र ठेवून खाली वळवतो. खाली दुसरा वक्र भाग असतो, त्याला स्पून म्हणतात. तो पडणाऱ्या मालाला हळूहळू आडवे करत खालच्या पट्ट्याच्या दिशेने आणि जमेल तितके पट्ट्याच्याच वेगाने सोडतो. खालचा पट्टा सेकंदाला ३ मीटरने धावत असेल आणि मालही त्याच दिशेने जवळपास ३ मीटरने येत असेल, तर पट्ट्यावर घासायला काही उरत नाही. पट्ट्याचे कव्हर टिकते, धूळ कमी उडते, माल मधोमध पडल्याने पट्टा एका बाजूला सरकत नाही. धुळीचे कारण बऱ्याच जणांना माहीत नसते म्हणून सांगतो: मोकळा, पसरून पडणारा माल आपल्याबरोबर हवा ओढून आणतो आणि खाली आपटला की ती हवा बारीक कण घेऊन फटींतून बाहेर पडते. प्रवाह घट्ट ठेवला की मुळात हवाच कमी ओढली जाते.

हूड-स्पून म्हणजे जादू नव्हे. एका मालासाठी, एका वेगासाठी आखलेला वक्र भाग दुसऱ्या मालाला लागू पडेलच असे नाही. आज कोरडे गोटे आणि उद्या ओला चुरा असा माल बदलत असेल, तर आखणी त्यातल्या सर्वांत वाईट मालासाठी करायची. आणि इथेच ठेकेदार आणि मालक दोघे मिळून घोळ घालतात. चाचणीसाठी माल मागवला की यार्डातला वरचा, वाळलेला, स्वच्छ माल पिशवीत भरून पाठवला जातो. तो कुठल्याही चुटीतून जाईल. पाठवायचा असतो तो चोक झालेल्या दिवशी भिंतीवरून खरवडून काढलेला चिकट चुरा, आणि तोही हवाबंद डब्यात, ओल उडू न देता.

हा चाचणीचा विषय थोडा खोलात सांगण्यासारखा आहे. सुटा माल ना पाण्यासारखा वागतो ना दगडासारखा. १८९५ मध्येच यान्सन नावाच्या जर्मन इंजिनिअरने दाखवून दिले की सायलोत धान्य कितीही उंच भरले तरी तळावरचा दाब एका मर्यादेपुढे वाढत नाही, कारण बराचसा भार भिंती घर्षणाने तोलून धरतात. पुढे आंद्रेज येनिके यांनी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात माल कापून बघण्याचे एक साधे उपकरण बनवले, शिअर सेल. त्यावर दोन गोष्टी मोजता येतात. दाब बसल्यावर मालाला स्वतःची किती ताकद येते, म्हणजे तो कमान धरून किती रुंद तोंड अडवू शकेल. आणि अमुक प्लेटवर तो किती उतारावर घसरायला लागेल. त्यांचे मुख्य काम १९६१ आणि १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. इतकी वर्षे झाली, तरी आजही मी पाहिलेल्या कित्येक ड्रॉइंगांवर चुटीचा उतार ढिगाच्या कोनावरून ठरवलेला असतो. जमिनीवर माल ओतला की जो ढीग होतो त्याचा कोन, त्यात थोडी भर, झाला उतार! ढिगाचा कोन म्हणजे माल मालावर कसा ठरतो ते. माल प्लेटवर कसा सरकतो याच्याशी त्याचा संबंध नाही. उतार भिंतीवरच्या घर्षणाच्या कोनापेक्षा निदान ५ अंशांनी जास्त हवा. आणि थर जितका पातळ तितका तो घर्षणकोन वाढतो, कारण पातळ थराला स्वतःचे वजन कमी आणि चिकटपणा तेवढाच. म्हणून रुंद, पसरट चुटीत थोडा थोडा माल चालवला की ती भरभरून चालवलेल्या चुटीपेक्षा आधी लिंपली जाते.

कोपऱ्याचेही असेच. समजा, चुटीच्या दोन शेजारच्या भिंती प्रत्येकी ६० अंशांवर आहेत आणि नकाशात काटकोनात मिळतात. त्यांच्या मधल्या पन्हळीचा उतार किती? बहुतेक जण म्हणतात ६०. प्रत्यक्षात तो ५१ भरतो. भिंती ५५ अंशांच्या असतील तर पन्हळ फक्त ४५. माल चिकटायला सुरुवात करतो ती नेहमी या पन्हळीत, आणि बाकीची चूट त्याच्यावर रचली जाते. पन्हळ गोलाईने भरून घेणे हे वेल्डरचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. त्यासाठी ना टेंडर लागते ना सल्लागार.

ओलीबद्दल एक गैरसमज आहे की जितके पाणी जास्त तितका चोक जास्त. तसे नाही. कोरडा माल वाहतो आणि पूर्ण भिजून चिखल झालेला मालही वाहतो. सगळ्यांत वाईट तो मधला, पाण्याने भरण्याच्या थोडा अलीकडे थांबलेला. धूळ दाबायला म्हणून चुटीच्या तोंडाशी पाण्याचे फवारे लावतात आणि शिफ्टवाला कंटाळून व्हॉल्व्ह पूर्ण उघडून ठेवतो, तेव्हा नेमका तो मधला माल आपण आपल्या हातांनी तयार करत असतो. पट्टा थांबला तरी फवारा चालू राहिलेला मी पाहिला आहे. भिंतीवर ठिबकत राहिलेले ते पाणी पोलादाला गंज चढवते, आणि गंजलेली प्लेट घासून चकचकीत झालेल्या प्लेटपेक्षा माल जास्त धरते. फवाऱ्याची लाइन पट्ट्याच्या मोटरशी जोडून टाकावी, पट्टा बंद तर पाणी बंद.

दुसरा दुर्लक्षित चोर म्हणजे स्क्रॅपरखालचा माल. पुलीवरून सुटताना सगळा माल सुटत नाही. सर्वांत बारीक आणि सर्वांत ओला पट्ट्याला चिकटून मागे जातो, आणि स्क्रॅपर तो खरवडून खाली पाडतो. त्याला मुख्य प्रवाहाचा जोर नसतो. चुटीच्या मागच्या तिरक्या भिंतीवर तो लोण्यासारखा नव्हे, चक्क सिमेंटच्या गिलाव्यासारखा बसतो. ती भिंत उभीच ठेवावी, किंवा तो माल सरळ मुख्य प्रवाहात पडेल एवढी चूट पुलीच्या मागे वाढवावी.

झिजेकडे पुन्हा येतो. शटडाउनमध्ये लायनर, म्हणजे चुटीच्या आतून बसवलेली झीज सोसणारी प्लेट, बदलला की जुना लायनर लगेच गॅसने तोडून भंगारात जातो, हे मला कधी पटले नाही. तो आधी जमिनीवर पालथा-सुलथा करून बघायला हवा. आमच्याकडे एक म्हातारा फिटर होता, तो जुन्या प्लेटा चुटीत होत्या त्याच क्रमाने जमिनीवर मांडायचा आणि खडूने झिजेच्या कडा ओढायचा. चित्र पाचेक मिनिटांत बोलायला लागायचे. ताटलीएवढ्या जागी खोल वाटीसारखा खड्डा म्हणजे माल एकाच जागी समोरून आदळतोय. प्रवाहाच्या दिशेने लांबलचक गुळगुळीत चर म्हणजे घसरणीची झीज. चर प्लेटांच्या जोडावरूनच गेला असेल तर जोड सलग ठेवण्यात चूक झाली आहे, तो विटांच्या बांधकामासारखा सांधा चुकवून हवा होता. एकीकडचे लायनर नव्यासारखे आणि दुसरीकडचे कागदासारखे, तर वरचा पट्टाच सरकलेला आहे. चूट बदलून काय होणार? रोग रेड्याला आणि औषध पखालीला. त्या म्हाताऱ्याच्या खडूच्या रेघांवरून आम्ही एका चुटीतली आदळण्याची प्लेट हलवली, आणि त्यानंतर त्या चुटीला पॅच मारायला वेल्डर क्वचितच बोलवावा लागला.

लायनर निवडताना 'सगळ्यांत कठीण ते द्या' ही मागणी ऐकली की मला धास्ती वाटते. कठीणपणा म्हणजे चिवटपणा नव्हे. मँगनीजचे पोलाद घ्या. रॉबर्ट हॅडफील्ड यांनी ते १८८२ मध्ये शोधले, त्यात साधारण ११ ते १४ टक्के मँगनीज असते. नवे असताना ते काही फार कठीण नसते, ब्रिनेल मापाने २०० च्या आसपास. मोठ्या गोट्यांचा मार बसत गेला की त्याचा पृष्ठभाग ५०० च्या घरात जातो. पण हेच पोलाद नुसता बारीक चुरा घसरणाऱ्या चुटीत टाकले तर त्याला मार मिळत नाही, ते कठीण होत नाही आणि साध्या प्लेटसारखे झिजून जाते. पैसे पाण्यात. क्रोमियम कार्बाइडचा वेल्ड-थर दिलेली प्लेट घसरणीला उत्तम, पण तिचा खडबडीत पृष्ठभाग सुरुवातीला ओल्या मालाला धरून ठेवतो. अल्युमिना टाइल कठीणपणात क्वार्ट्झच्याही पुढे. चुऱ्याच्या घसरणीला तिला तोड नाही, मात्र वरून डोक्याएवढा गोटा आला की खेळ संपला. म्हणून आदळण्याच्या जागी रबरात बसवलेली टाइल. चिकट मालाला अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिनची प्लेट छान सोडून देते, पण साधारण ८० अंश सेल्सियसच्या वर ती मऊ पडते, आणि तिच्याजवळ गॅस कटर चालवणे म्हणजे आगीला आमंत्रण. एकाच चुटीत तीन जागी तीन लायनर असणे यात काही वावगे नाही. स्टोअरवाल्यांना ते गैरसोयीचे असते, एवढेच.

मालालाच लायनर करण्याची जुनी युक्ती, रॉक बॉक्स, हीसुद्धा चांगली आहे. कप्प्यात माल साठतो आणि पुढचा माल त्या साठलेल्या मालावर आदळतो, पोलादाला हात लागत नाही. कोरड्या, गोटेदार, खरखरीत मालाला लावावी. ओल्या चिकट मालाच्या चुटीत रॉक बॉक्स म्हणजे चोकअपला दिलेले घरच. तिथे कप्पा भरतो आणि वाढत वाढत समोरच्या भिंतीला जाऊन टेकतो.

व्हायब्रेटर (चुटीला थरथरवणारे यंत्र) आणि एअर कॅनन (टाकीतली दाबलेली हवा एकदम सोडून थर उडवणारी तोफ) विकणाऱ्यांशी माझे वैर नाही. वक्र भागापाशी जिथे थर धरतोच, तिथे प्रवाहाच्या दिशेने तोंड केलेली एअर कॅनन योग्य वेळाने उडत राहिली तर ती घणापेक्षा केव्हाही बरी. पण खालचे तोंड बंद असताना व्हायब्रेटर चालू ठेवला तर माल सुटत नाही, उलट ठासून बसतो. व्हायब्रेटरचे बटण खालच्या पट्ट्याशी जोडलेले नसेल तर तो न लावलेला बरा.

काही चोकअप तर मालामुळे नसतातच, पट्टे थांबवण्याच्या क्रमामुळे असतात. ताशी १००० टन म्हणजे सेकंदाला २७८ किलो. वीज गेली, खालचा आखूड पट्टा पटकन थांबला आणि वरचा लांब, सपाट पट्टा त्याच्यापेक्षा दहा सेकंद जास्त घरंगळत राहिला. वेग उतरत गेला असे धरले तरी जवळजवळ १४०० किलो माल चुटीत येऊन पडतो. तेवढा सामावून घ्यायला चुटीत जागा असायला हवी, किंवा वरच्या पट्ट्याला ब्रेक तरी हवा. चूट भरल्याची सूचना देणारा स्विच तर पाहिजेच पाहिजे. तो आहे, पण सारखा ट्रिप होतो म्हणून कुणीतरी तारेने बांधून ठेवलेला आहे, हे दृश्य इतक्या वेळा बघितले आहे की आता त्याचे आश्चर्यही वाटत नाही.

हल्ली संगणकावर एकेक कण मोजून प्रवाह दाखवतात. त्या पद्धतीचा पाया कुंडॉल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये घातला, आणि आज ती कामाची झाली आहे यात वाद नाही. मात्र पडद्यावर रंगीत गोळ्या सुरेख घसरताना दिसल्या की भुलून जाऊ नये. त्या गोळ्यांना किती चिकटपणा दिला आणि तो कोणत्या चाचणीवरून दिला, हे विचारावे. उत्तर 'सॉफ्टवेअरमधला नेहमीचा' असे आले तर सादरीकरण तिथेच थांबवून चहाला उठावे.

शेवटी देखरेखीबद्दल, कारण त्या पत्रात तिच्यावरच भर होता. देखरेख हवी ती लायनरच्या जाडीच्या नोंदीची. अल्ट्रासॉनिक गेजने ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या काळाने मोजायचे आणि वहीत लिहायचे, म्हणजे भोक पडण्याआधी प्लेट मागवता येते. देखरेख हवी ती तपासणीच्या दाराची. ते माल जिथे घासतो त्या बाजूला ठेवू नये, नाहीतर उघडल्यावर सगळा माल बघणाऱ्याच्या अंगावर. आणि सर्वांत जास्त हवी ती चोक काढताना. तुंबलेल्या मालाखाली उभे राहून वर पहार घालायला कुणालाही सांगू नये. खालचा आधार निघाला की वरचे टनावारी एकदम येते आणि पळायला वेळ मिळत नाही. काम वरून करायचे. दोन्ही पट्ट्यांची वीज तोडून ज्याने त्याने स्वतःचे कुलूप लावायचे. एअर कॅनन असेल तर नुसती वीज तोडून भागत नाही, टाकीत हवा भरलेली राहते आणि आत माणूस असताना ती सुटू शकते. टाकी रिकामी करायची, काटा शून्यावर आल्याचे डोळ्यांनी बघायचे, हवेचा व्हॉल्व्ह बंद करून त्याला कुलूप घालायचे, आणि त्याची किल्ली कंट्रोल रूमच्या खुंटीवर न टांगता आत उतरणाऱ्याच्या खिशात द्यायची.

आपला,
माल हाताळणी विभागातला एक निवृत्त फोरमन